नाना, उजवीकडून बोलतेय

काल तुमचं तेरावं झालं, नाना. तालुक्यातले माजी सैनिक आले होते, आठ-दहा जण, कडक इस्त्रीचे शर्ट आणि छातीवर पदकं. एकेकानं उठून तुमच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. हिंगोलीला ज्या बँकेच्या दारात तुम्ही अठरा वर्षं बंदूक घेऊन उभे राहिलात, तिथले जुने साहेब म्हणाले, हा माणूस दारात असला की आम्हाला मागं वळून बघायची गरज पडायची नाही. मग कोणीतरी माईकवर म्हणालं, "आता त्यांच्या कन्या सुमनताई दोन शब्द बोलतील. त्या स्वतः शिक्षिका आहेत." मी माईक भावाकडं, गजूकडं सरकवला. लोकांना वाटलं, बाई दुःखात आहे.

दुःख आहेच हो. पण गप्प बसले ते दुःखानं नाही. मला तुम्ही जन्मभर तोंडाळ म्हणालात आणि ते खरंच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला, अशीच मी. काल त्या वेळी मात्र जीभ उचलेना. दुपारी उचलली, ते पुढं सांगते. त्याआधीचं सगळं आज पहिल्यापासून लिहितेय, तुम्हालाच. दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

तुमच्या कानापासून सुरू करते. तोफखान्यात सतरा वर्षं काढलीत आणि डावा कान तिथंच ठेवून आलात. गावात लोक सांगायचे, लढाईत गेला. तुम्हाला ते पटायचं नाही. पारावर बसून मोठ्यानं दुरुस्ती करायचात, "दुश्मनानं न्हाई नेला, आपल्याच तोफेनं नेला. सरावात." मग हसायचात. त्यामुळं आपल्या घरात पोरं बोलायला शिकली की दुसरी गोष्ट शिकायची ती ही, की नानांशी उजवीकडून बोलायचं. जेवायला बसताना तुमच्या उजवीकडच्या पाटासाठी माझी आणि गजूची मारामारी व्हायची. माय बाजाराला जाताना तुमच्या मागून नाही, उजवीकडून बरोबरीनं चालायची. पुसेगावच्या बाया तिला हसायच्या, "काय वं, नवऱ्याच्या खांद्याला खांदा!" ती म्हणायची, "मागून बोललं तर त्यायला ऐकू येत न्हाई, मी काय करू?"

आणि तुमचा आवाज! स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून जगालाही कमी ऐकू येतं असं धरून तुम्ही बोलायचात. घरात "सुमे, पाणी आण" म्हणालात की शेजारच्या वावरातला गडी वळून बघायचा.

मी आठवीला हिंगोलीच्या शाळेत जायला लागले तेव्हा आपण दोघं पहिल्या एस.टी.नं जायचो. तुम्ही बँकेच्या गणवेशात, मी दोन वेण्यांत, तुमच्या उजव्या अंगाला. गाडी सुटली की तुम्ही पाढे विचारायचात. एकोणिसाचा पाढा अख्ख्या गाडीला पाठ झाला होता. मी अडले की कंडक्टर तिकीट फाडता फाडता पुढचं सांगायचा आणि सगळी गाडी हसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नववीत गेल्यावर मी एक थांबा आधीच उतरायला लागले. म्हटलं, मैत्रिणीबरोबर चालत जाते. मैत्रीण कुठली, मी एकटीच जायचे. तुम्ही एकदाही विचारलं नाही की मैत्रिणीचं नाव काय. "चालणं बरं असतं, पायात ताकद येती," एवढंच म्हणालात. तुम्हाला कळलं होतं का हो? आता वाटतं, तुम्हाला सगळं कळत होतं.

संध्याकाळी बँकेतून आलात की गणवेश खुंटीला, आणि तुम्ही हळदीच्या वावरात. रजा घ्यायचात ती कधी आजारपणाला नाही, सणाला नाही, फक्त हळद शिजवायच्या दिवसांत. शिजलेली हळद अंगणात वाळायला घालताना तुमच्या रांगा सरळच पाहिजेत. गजूनं वाकडी टाकली की परत करायला लावायचात. माय म्हणायची, "हळद हाय ती, पलटण न्हाई." आणि रविवारी घरातल्या सगळ्यांच्या चपला-बुटांना पॉलिश. माझ्या शाळेच्या बुटांत तोंड दिसायचं. दारात चपला जोडीनं लावलेल्या असायच्या, टाचा घराकडं आणि पुढचा भाग बाहेर, म्हणजे निघताना नुसता पाय घालायचा. "हुकूम आला की अर्ध्या मिनिटात निघाया लागतंय," म्हणायचात. पुसेगावात कोण हुकूम देणार होतं तुम्हाला, देव जाणे.

बारावीनंतर भावकी जमली होती, पोरीचं उरकून टाका म्हणायला. तेव्हा तुम्ही असे काही ओरडलात की म्हातारे काठ्या घेऊन उठले. "पोरगी मास्तरीण होणार! बराबर?" बराबर हा तुमचा शब्द. तो म्हटला की विषय संपला. त्या दिवशी तुमचा आवाज मला फार गोड लागला. आपल्या कामाला आला की गोड, नाहीतर लाज, असं माझं गणित.

मास्तरीण झाले, आखाडा बाळापूरला दिली, तिथंच नोकरी, तिथंच संसार. आणि मग सुरू झालं आपलं मशीनचं भांडण. उजवा कानही कमी यायला लागला होता. मी म्हणायचे, नाना, कानाचं मशीन बसवा. तुम्ही म्हणायचात, "कानाला कुबडी काहून लावू?" मी म्हणायचे, तुम्हाला नाही, आम्हाला तकलीफ होते. तुम्ही तोंड फिरवायचात. तोंड फिरवलं की बोलणंच बंद, कारण माणसाच्या ओठांकडं बघून तुम्ही अर्धं समजून घ्यायचात. हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून मी ते विसरले, पुढं जिथं विसरायला नको होतं तिथं.

माझ्या श्रुतीचा साखरपुडा ठरला, दोन वर्षांपूर्वी. परभणीचे पाहुणे, शिकलेलं घर, मुलाचे काका प्राध्यापक. आठवडाभर आधी मी पुसेगावला आले आणि तुमच्या उजव्या बाजूला बसून नीट समजावून सांगितलं. "नाना, तिथं जरा कमी बोला. तुमी बोलता म्हंजे लोकायला वाटतं भांडण लागलंय." तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता. म्हणालात, "बराबर."

साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही पांढरा शर्ट, काळी पँट, चकचकीत बूट घालून बाळापूरच्या मंगल कार्यालयात आलात. नातीसाठी हिरवी पैठणी आणली होती, पिशवी छातीशी धरलेली. दारातूनच ओरडलात, "सुमे! पोरगी कुठाय माझी?" आतली सगळी माणसं वळली. मुलाची आई पेढा खात होती, तिचा हात तसाच राहिला. मी पळत आले, तुमचा दंड धरला, पिशवी काढून घेतली. "नाना, तुमी बाहीर बसा जरा. आत काय काम न्हाई तुमचं." हे असं म्हणाले मी. आपल्या बापाला. चपला जिथं काढल्या होत्या तिथं एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर तुम्हाला बसवलं.

तीन तास बसलात. आत अंगठ्या झाल्या, फोटो झाले, जेवणं झाली. गजूकडून तुम्हाला ताट बाहेर पाठवलं आणि मला वाटलं, केलं की सगळं.

पाहुणे निघाले तेव्हा मी दारापर्यंत सोडायला आले. शे-दीडशे चपलांच्या तुम्ही रांगा लावल्या होत्या, जोडीला जोडी, टाचा आत, पुढचा भाग बाहेर. लोक नुसते पाय घालून निघत होते. प्राध्यापक काका तुम्हाला म्हणाले, "जरा ते तपकिरी बूट द्या हो." तुम्ही उठलात, वाकलात आणि त्यांच्या पायापुढं बूट ठेवलेत. काका खूश झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "शिस्तीचा आहे हो माणूस. कार्यालयाचा का?"

मी म्हणाले, "हो. कार्यालयाचाच."

मी तुमच्या डाव्या बाजूला उभी होते. हे मला लख्ख आठवतं, कारण पुढची दोन वर्षं मी त्याच एका गोष्टीला धरून बसले होते. डावीकडून बोलले, नानांना ऐकू गेलं नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना आठवायचं, भाकरी थापताना आठवायचं, आणि मी मनाशी म्हणायचे, डावीकडं होते मी, डावीकडं. काका गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "पाव्हणे जेवले का पोटभर?" मग तर मी निश्चिंत झाले.

पंधरा दिवसांनी पुसेगावला आले तर तुमच्या उजव्या कानात मशीन! मी अशी खूश झाले म्हणता. म्हटलं, बघा, शेवटी ऐकलंत ना माझं! तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "व्हय, ऐकलं." इतका हळू आवाज तुमचा मी कधी ऐकला नव्हता. त्यानंतर मी आले की तुम्ही हळूच बोलायचात. मला वाटलं, मशीनची कमाल.

लग्नातही हळूच बोलत होतात. फोटोला बोलावलं तर म्हणालात गुडघे दुखून राहिले, तुमी घ्या काढून. अक्षता मागच्या रांगेतून टाकल्यात. अख्ख्या अल्बममध्ये तुमचा फोटो नाही. श्रुती रुसली होती. मी तिला म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

मग ह्या महिन्यात तुम्हाला श्वासाचा त्रास सुरू झाला आणि आपण हिंगोलीच्या दवाखान्यात आलो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. सिस्टरनं तुमच्या कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं, "जपून ठेवा, हरवतं." मी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी माय चहाला खाली गेली होती, खोलीत आपण दोघंच. डॉक्टरांचा चेहरा मी सकाळी बघितला होता. म्हटलं, आता नाही तर कधी नाही. मी खाली वाकले, तुमच्या कानाला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं. बाहेर बसवलं ते, कार्यालयाचा माणूस म्हणाले ते. एस.टी.तून आधी उतरायचे तेसुद्धा सांगितलं. "नाना, चुकलं माझं. मला माफ करा." रडत रडत, पण एकही शब्द न गाळता.

तुमची बोटं हलली. दोनदा हलली. मी ती धरून ठेवली. मला वाटलं, केलंत माफ. छातीवरचं मोठं ओझं उतरलं, नाना. माय आल्यावर मी खाली गेले आणि चहाबरोबर प्लेटभर भजे खाल्ले. चार दिवसांत पहिल्यांदा तोंडाला चव आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. मी रडले, पण आतून शांत होते. लोक म्हणायचे, सुमन किती धीराची.

काल सकाळपर्यंत शांत होते. माणसं जमायच्या आधी श्रुती आली. ओसरीत तुमचा फोटो मांडलाय ना, त्याच्यापुढं गुडघे टेकून ती फोटोच्या कडेला झुकली आणि हळूच म्हणाली, "आबा, मी आले." माय भिंतीला टेकून बसली होती. डोळेसुद्धा न उघडता म्हणाली, "तिकडून न्हाई लेकरा, इकडून बोल. तिकडून त्यायला ऐकू येत न्हाई."

श्रुती रडता रडता हसली आणि दुसऱ्या बाजूला सरकली. आणि माझ्या डोळ्यांपुढं दवाखान्यातली खाट आली. तुमची उजवी बाजू भिंतीला लागलेली होती, नाना. ऑक्सिजनची नळी त्या भिंतीतून येत होती म्हणून खाट तिकडं सारलेली. मी जिथं जागा होती तिथं वाकले. डावीकडं. मी सगळं त्या कानात सांगितलं जो तुम्ही तोफखान्यात ठेवून आला होतात. आणि मशीन माझ्या पर्समध्ये. लहानपणी उजवीकडच्या पाटासाठी गजूला चावणारी मी, आणि नेमकं तेव्हाच मला सुचलं नाही.

उठून स्वयंपाकघरात गेले. माय मागून आली. मी तिला सगळं सांगून टाकलं, साखरपुड्यापासून. ती ऐकत ऐकत बुंदीच्या परातीवर कापड झाकत होती. म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"त्यायनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. हसून राहिले होते. म्हणले, पोरीनं मला कार्यालयात ड्युटीला लावलं."

"पण मी डावीकडून..."

"तोंड दिसत व्हतं ना तुझं त्यायला?"

माय म्हणाली, "मी लई चिडले व्हते तुझ्यावर. तर मलाच बोलले, सुमीचं काहून चुकलं, आपला आवाजच तसा हाय. सोमवारी जाऊन मशीन आणलं. तुला काय वाटलं, लोकायचं ऐकाया आणलं? आपला आवाज किती मोठा निघून राहिला ते कळाया आणलं. तू यायची असली की घालायचे. एरवी डबीत."

"आणि लग्नात?"

"त्या परभणीच्या मास्तराच्या समोर कशाला जातील? तुझं बोलणं खोटं पडलं असतं."

असं आहे बघा, नाना. जे ऐकू जायला नको होतं ते तुम्ही ओठांवरून वाचलंत. आणि जे जायला पाहिजे होतं ते मी मिटल्या डोळ्यांच्या माणसाला बहिऱ्या कानात सांगितलं. दोन्ही वेळा मी डावीकडंच.

त्यानंतर ती भाषणं झाली आणि माझ्यापुढं माईक आला. काय बोलणार होते मी, सांगा. माझे वडील फार शिस्तीचे होते म्हणून?

दुपारी पंगत उठली आणि परभणीची मंडळी आली. उशीर झाला त्यांना. प्राध्यापक काकाही होते. दारात बूट काढले, ओसरीत आले, फोटोला हात जोडले आणि तसेच थांबले. चष्मा सारखा करून म्हणाले, "यांना मी कुठंतरी पाहिलंय." मग स्वतःच म्हणाले, "लग्नात पाहिलं असेल, नाही का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. पहिल्यासारखंच. ओसरी भरलेली होती, माजी सैनिक चहा पीत होते, माझे मुख्याध्यापक, श्रुती, तिचा नवरा. मी उठले आणि फोटोच्या त्या बाजूला जाऊन उभी राहिले, माय म्हणाली त्या. तुमच्या उजव्या अंगाला.

"लग्नात न्हाई, काका! साखरपुड्याला. कार्यालयाच्या दारात. तुमी मला इचारलं व्हतं, हा कार्यालयाचा माणूस का, अन् मी व्हय म्हणले. मी खोटं बोलले! माझे वडील व्हते ते! माझे वडील!"

माझा आवाज असा काही निघाला की अंगणात खेळणारी पोरं थांबली. शेजारीण भिंतीवरून डोकावली. श्रुती माझ्याकडं बघतच राहिली. काका खाली बसले. म्हणाले, "मी त्यांच्या हातून बूट घेतले हो. बाई, तेव्हाच सांगायचं ना. पाया पडलो असतो."

तेव्हाच सांगायचं ना. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

माणसं पांगल्यावर माय म्हणाली, "लई मोठ्यानं बोललीस. बापावर गेली." रागावून म्हणाली की कशी, मला कळलं नाही. तिनं तुमच्या मशीनची डबी माझ्या हातात दिली आणि भांडी गोळा करायला गेली. मी ते मशीन दवाखान्यातून आणलेल्या रुमालातून काढून डबीत ठेवायला घेतलं, तर मुठीत धरल्यावर ते बारीक शिट्टी वाजवायला लागलं. अजून चालू होतं.

उजवीकडून बोलले, नाना. मोठ्यानं बोलले, चारचौघांत बोलले. सगळं बराबर केलं. फक्त तुम्ही असताना केलं नाही.